हसलास तर पडेल

४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पुस्तक वाचलं. विकत घेतलं नाही, तेवढी वाईट वेळ माझ्यावर आलेली नाही. मी ज्यांच्याकडे कवळ्या बनवते त्या डॉक्टरीणबाईंनी ते बाहेरच्या बाकावर पेशंटांसाठी ठेवलंय. दाढ काढायला आलेली माणसं गाल धरून तुझं पुस्तक चाळतात. वर तुझा फोटो, सगळे दात दाखवून हसणारा, आणि नावाखाली 'हास्यगुरू'. काल डबा खाताना मी ते उघडलं आणि पान एक्केचाळीसवर डबा बंद करून ठेवला.

'डॉक्टरांनी हात टेकले होते. मी आईला रोज हसवलं आणि चौदा महिने जगवलं.' असं तू लिहिलंयस.

दादा, त्या चौदा महिन्यांत तू दोनदा आलास आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊन आलास. रविवारी तुझा फोन यायचा, एका मिनिटाचा. हसवत होते मी. फुफ्फुसाचे डॉक्टर मला म्हणाले होते की औषधं चालूच राहतील, पण यांना रोज एकदा पोटातून हसवा, श्वास खोल जातो, कफ सुटतो, जिवाची धास्ती कमी होते. मग मी हसवलं. कधी शेजारणीची चाल करून दाखवली, कधी डॉक्टरांचं खाकरणं. घरी येणाऱ्या नर्सबाई आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावायच्या आणि निळ्या वहीत हसण्याआधीचे आकडे आणि हसल्यानंतरचे आकडे लिहायच्या. ऑक्सिजन आधी ८८, नंतर ९२. नाडी आधी ११०, नंतर ९४. आजार काही गेला नाही, पण रोज दोन-तीन तास आई उठून बसायची, चार घास खायची, मला नावं ठेवायची. तीच वही तू पानांच्या फोटोंसकट छापलीस.

आणि कोणी छापली? आईला पोचवून आलो त्या संध्याकाळी मामा, दोन्ही मावश्या, सगळं घर बसलेलं असताना जो उभा राहून म्हणाला, "हिनं आईला हसवून मारलं," त्यानं. मामानं त्या दिवसापासून माझ्या दारात पाऊल टाकलेलं नाही. सहा वर्षं झाली. ज्या हसण्यानं मी तिला मारलं त्याच हसण्यानं तू तिला जगवलंस, म्हणजे कमाल आहे. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा नागोबा बीळ खणणारीला चावून मग आत शिरला.

वही तू त्याच दिवशी उचलून नेलीस. सगळी नकोय मला, ठेव, तुझा संसार तिच्यावर चाललाय. फक्त शेवटचं पान पाठव. बाकी सगळी पानं छापलीस आणि तेवढं एक गाळलंस, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस.

तुझी बहीण (पुस्तकात शोधू नकोस, नाही सापडणार)


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. छापील कार्ड. 'आपल्या प्रेमळ पत्राबद्दल आभारी आहोत. रोज दहा मिनिटं मनमोकळं हसा, ताण पळवा.' खाली तुझी सही, तीही छापलेली. मी ते कार्ड टेबलासमोर खिळ्याला अडकवलंय. राग जरा उतरला की त्याच्याकडे बघते.

ताणाचं म्हणतोस तर ऐक. सहा वर्षांत मी हसलेले नाही. समोरच्याला वाईट वाटू नये इतपत ओठ हलवते, पण पोटातून काही वर आलं की मध्येच दाबून टाकते. त्याचा परिणाम असा की झोपेत करकरा दात खाते. मागच्या दाढा इतक्या झिजल्या की शेवटी स्वतःच्या हातानं स्वतःसाठी एक पट्टी बनवली, ती तोंडात घालून झोपते. ब्लडप्रेशरची एक गोळी होती, आता दोन झाल्या. सकाळी जबडा आखडलेला असतो, चहाच्या कपाला तोंड लावायलाही वेळ लागतो. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझा गाल चाचपून विचारलं की तुम्ही हसत कशा नाही, हा स्नायू दगड झालाय. मी म्हटलं, सवय नाही. पुढच्या आवृत्तीत घाल हे. फुकट देते.

ही सवय लावणाराही तूच. मी चौदाची होते, तू एकवीसचा, बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि तू घरातला कर्ता झाला होतास. पाहुणे बसलेले. मी कशाला तरी खो खो हसले आणि शेवटी तो घुर्र आवाज आला, आईला यायचा तसाच. तू उठलास आणि माझ्या तोंडावर हात दाबलास. तळहाताला शाईचा वास होता. हसायचं तर तोंडावर हात ठेवून, दात दाखवायचे नाहीत, असं तू पाहुण्यांसमोर मला सांगितलंस. पण नंतर स्वयंपाकघरात आईनं मला चिमटा काढून पुन्हा हसवलं होतं, हे तुला माहीत नाही.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. माझी खोली दवाखान्याच्या मागे आहे, सहा बाय आठ, खिडकीत प्लॅस्टरचे जबडे वाळत घातलेले. काल त्यात एक नवा आला. वरचा जबडा, एकही दात नसलेला. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. 'वरची पूर्ण कवळी. पेशंट भाषणं देतात. नैसर्गिक हसू हवं. बाहेर बोलायचं नाही.' मी साचा उचलला आणि बोट टाळूवरून फिरवलं. मधोमध एक उभा उंचवटा होता, वाटाण्याच्या शेंगेएवढा. असा उंचवटा आईला होता. मला आहे.

तरी म्हटलं, जगात काय आपल्याच घराण्याला टाळू आहे? तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेरच्या बाकावरचं पुस्तक घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या की हा फोटो बघून दात लावा, यांना असंच हसू हवंय.

म्हणजे वरचे सगळे गेले तर. हिरड्यांनी दगा दिला असणार, आईचेही असेच गेले होते. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे हे तुझ्या बाबतीत मला लहानपणीच कळलं होतं. आता दोन्ही मीच बनवणार आहे.

शेवटचं पान अजून आलेलं नाही.

बहीण


११ मार्च

दादा,

कवळी पोचली. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, आरशात बघून तू खूश झालास आणि करणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा म्हणालास. नमस्कार पोचला. आता बाईंचं ऐक. हे पत्र कार्यालयात नाही, थेट तुझ्या घरी पाठवतेय, म्हणजे तुझ्याच हातात पडेल.

जीभ वरच्या ओठाच्या आत, मधोमध लाव. एक पातळ पडदा लागेल, ओठ आणि हिरडी यांना धरून ठेवणारा. बोलताना, जेवताना, बेताचं हसताना तो जेमतेम हलतो. पण माणूस पोटातून हसला की ओठ पार वर जातो आणि तो पडदा ताणून कवळीच्या कडेवर येतो. म्हणून तिथं कडेला एक खाच कापावी लागते. खाच उथळ राहिली तर पडदा कवळीला ढकलतो, आत हवा शिरते आणि कवळी खाली येते. जिभेवर.

तुझ्या कवळीला खाच आहे, बघ, दिसेल. ती किती खोल हवी ते मला माहीत आहे. मी दोन मिलिमीटर कमी ठेवली आहे.

डॉक्टरीणबाईंकडे धावशील, पण त्यांना काही सापडणार नाही. दवाखान्याच्या खुर्चीत कोणी पोटातून हसत नाही. आरशासमोर हसून बघशील, तर तेही फुकट. एकट्याचं हसणं बेताचंच असतं, ओठ तेवढा वर जातच नाही. चिकटवायची पावडर लावशील, ती घटकाभर बोललास की लाळेबरोबर विरघळते. खरं हसायला समोर माणूस लागतं, आणि तुझ्यासमोर बावीस तारखेला दोन हजार माणसं आहेत. माझ्या बसथांब्यावर तसा फलक लागलाय.

मला काय हवंय ते तुला माहीत आहे. का हवंय ते आज सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आई गेली त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी तिला एक नक्कल करून दाखवली. कोणाची, ते राहू दे. आई इतकी हसली की हसता हसता तिला खोकला लागला. तिचं एक औषध संपलं होतं, मला जायलाच हवं होतं. दारातून वळून पाहिलं तर ती हसत होती, खोकत होती, डोळ्यांतून पाणी, आणि नर्सबाई बोटाला चिमटा लावत होत्या. औषधाच्या दुकानात रांग होती. मी साडेचारला परतले. नर्सबाईंची वेळ तीनला संपायची, त्या निघून गेल्या होत्या. न कळवता आलेला तू पलंगाशेजारी बसला होतास, मांडीवर वही, आणि आई गेली होती.

म्हणजे हसल्यानंतरचा आकडा काय आला, तो मी पाहिलेला नाही. नर्सबाईंचा फोन नंबर वर्षभर माझ्याकडे होता. दहा वेळा तरी लावायला घेतला आणि ठेवला. पुढे तो नंबर बंद झाला आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तू सगळ्यांसमोर म्हणालास ते खोटं असेल असं मी सहा वर्षं स्वतःला सांगतेय, पण मला माहीत नाही. तुला माहीत आहे. पान तुझ्याकडे आहे.

तर असं कर. बावीस तारखेला मामाला पहिल्या रांगेत बसव, व्यासपीठावरून ते पान वाच आणि आईला बहिणीनं हसवलं असं सांग. नाहीतर त्याआधी पान घेऊन माझ्या टेबलापाशी ये, खाच खोल करायला पाच मिनिटं लागतात. यातलं काहीच जमलं नाही, तर हस. आणि दोन हजार लोकांना दात दाखव. हातात घेऊन.

बहीण


२३ मार्च

दादा,

मी आले होते. शेवटून दुसरी रांग, खांबाशेजारी. सकाळच्या उन्हात मांडव तापला होता आणि लोक पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी भांडत होते. मामाही होता, पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. त्याला पाहिल्यावर मला वाटलं, दादा वाचतोय पान.

तू आलास, टाळ्या झाल्या. तू बोललास, छान बोलतोस, ते तुला पहिल्यापासून येतं. हसलं की रक्त कसं खेळतं, मनावरचं ओझं कसं उतरतं, झोप कशी लागते, सगळं बरोबर सांगितलंस. त्यातला एकही शब्द खोटा नाही म्हणून तर माझा जास्त जळफळाट होतो. मग तुझा तो निवेदक म्हणाला की आता सर आपल्याला तीन मोठी हास्यं देतील, मान वर, तोंड पूर्ण उघडा. दोन हजार माणसं मान वर करून, आ करून तुझ्याकडे बघत राहिली.

तू उभा होतास. तुझा हात खिशाकडे गेला. मला वाटलं पान काढतोयस. पण तू रुमाल काढलास, घाम पुसलास, रुमाल ठेवून दिलास. आणि मग तू तोंडावर हात ठेवून हसलास.

तोंडावर हात ठेवून, दादा. तूच.

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर मी सुखानं घरी गेले असते. पण तुझी माणसं तुझ्यापेक्षा भाबडी. तू हात ठेवलास म्हणून पहिल्या रांगेनं ठेवला, मग दुसरीनं, आणि बघता बघता दोन हजार माणसं तोंडावर हात ठेवून खी खी करू लागली. भल्या मोठ्या मिशांचा एक गृहस्थ नव्या सुनेसारखा लाजून हसत होता. मामासुद्धा. निवेदक माइकवरून ओरडला, "ही सरांची नवी पद्धत आहे, हात घट्ट धरा." माझ्या शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसून विचारलं की यानं काय बरं होतं, गुडघे का?

आणि माझ्या पोटातून ते आलं. दाबायला गेले, दाबलं जाईना. सहा वर्षांचं तुंबलेलं. हात तोंडाकडे गेला तो मी मांडीखाली धरला आणि हसले, आ करून, सगळे दात दाखवून. शेवटी तो घुर्र आवाज आला. तू तिकडे वर थबकलास. तुला तो आवाज कोणाचा ते कळलं. तू हात न काढता माझ्या रांगेकडे पाहत राहिलास आणि नंतर घाईनं आभाराचं भाषण सुरू केलंस.

घरी आले, पाठ टेकली, झोपले. आज सकाळी पाहिलं तर पट्टी डबीतच होती, तोंडात घालायचं विसरले होते. जबडा दुखत नव्हता. तुझ्या पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे म्हणायचं.

पण तू पान वाचलं नाहीस. दात धरायला मला कवळी लागत नाही, हे लक्षात ठेव.

बहीण


२ एप्रिल

दादा,

पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, चार ओळी नाहीत, नुसतं वहीतून फाडलेलं पान. एक दिवस मी ते उघडलंच नाही. काल कामाच्या टेबलावर, दिव्याखाली, दातांसाठी वापरते ते भिंग घेऊन वाचलं. नर्सबाईंचं अक्षर आहे.

'२.०० वाजता. ऑक्सिजन ८९, नाडी १०६. मुलीने भावाच्या रविवारच्या फोनची नक्कल केली. पेशंट बराच वेळ हसल्या. खोकला, कफ सुटला. २.३० वाजता. ऑक्सिजन ९४, नाडी ८६. पेशंट म्हणतात, उद्या पुन्हा हीच. आता झोपल्या आहेत.'

चौऱ्याण्णव. चौदा महिन्यांत एवढा कधी आला नव्हता. मी भिंग खाली ठेवलं आणि रडले. डॉक्टरीणबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या.

म्हणजे तू आईशेजारी बसून हे वाचलंस. आई तुझ्यावर हसली आणि मग झोपेत गेली, हे तुला तिथंच कळलं. 'हं, हं, मीटिंगमध्ये आहे, आई बरी आहे ना, ठेवतो.' बस, एवढीच होती ती नक्कल. तुला लागलं असणार, ते मला कळतं. पण लागलं म्हणून तू चौऱ्याण्णव आकडा खिशात ठेवलास आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलंस की हिनं मारलं. कळतंय म्हणून मी सोडून देईन, असं मात्र नाही.

आता माझंही एक ऐक. तुझ्या कवळीत काही दोष नाही.

खाच पूर्ण कापलेली आहे, जेवढी हवी तेवढीच. सत्तावीस वर्षं मी हे काम करतेय. उथळ ठेवायची म्हणून एक अख्खी दुपार मी हत्यार बाजूला ठेवून बसले, पण हात ऐकेना, आपोआप कापत गेला. वाईट कवळी मला करता येत नाही, दादा. म्हणून कवळी चांगली केली आणि पत्र वाईट लिहिलं. डॉक्टरीणबाईंना काही सापडणार नाही असं मी म्हटलं होतं, ते अगदी खरं होतं. त्या मांडवात तू हवा तेवढा हसला असतास, दात हलला नसता.

तू एक वाक्य बोललास आणि माझ्या तोंडावर सहा वर्षं हात राहिला. मी एक पत्र लिहिलं, आता तुझ्या तोंडावर आहे. आणि दोघांच्याही बाबतीत आत काहीच बिघडलेलं नव्हतं.

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पाकिटात घालून, पत्ता लिहून, प्लॅस्टरच्या डब्यामागे ठेवणार आहे. सहा वर्षांनी टाकीन. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही.

बहीण


१३ एप्रिल

दादा,

बसथांब्यावर तुझा नवा फलक लागलाय. तोंडावर हात ठेवलेला तू, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'हस्तहास्य : सरांचा नवा शोध'. आज सकाळी त्याखाली तीन माणसं बसची वाट बघत उभी होती आणि तिघंही तोंडावर हात ठेवून सराव करत होती. बस आली. एकानं तसाच हात ठेवून कंडक्टरला थांबा सांगितला. कंडक्टर चार वेळा काय, काय म्हणाला.

मी खोलीत येऊन टेबलावर डोकं ठेवून हसले. घुर्र. डॉक्टरीणबाई धावत आल्या, काय झालं म्हणाल्या. काय सांगू? टाळूपासून सुरुवात करावी लागली असती. काही नाही म्हटलं, त्या गेल्या, आणि हसू तिथंच विरलं. एकट्याचं हसणं बेताचंच असतं, हे मीच तुला लिहिलं होतं. हा विनोद पुरता कळेल असं जगात एकच माणूस उरलंय. ते तू आहेस हे माझं नशीब. सहा वर्षं धरवलं नाही, अकरा दिवसच निघाले; प्लॅस्टरच्या डब्यामागचं पाकीटही यासोबत टाकतेय.

माफ केलं असं वाटून घेऊ नकोस. शेवटच्या पानाच्या प्रती काढून ठेवल्यात. महिनाअखेरपर्यंत मामा माझ्या दारात दिसला नाही, तर तुझ्या पुढच्या कार्यक्रमात प्रत्येक खुर्चीवर एक ठेवीन. मी हे करेन, तू मला ओळखतोस.

पण आधी तो हात काढ. कोणाला तरी समोर बसव, आणि मी तुझा रविवारचा फोन कसा करून दाखवायचे ते डोळ्यांपुढे आण. आता हस. पडणार नाही.